आधी लिबर्टी अ‍ॅव्हेन्यू, मग बाकीचं न्यूयॉर्क

एडिसन, जर्सी सिटी किंवा लाँग आयलंडला राहणारी मराठी कुटुंबं न्यूयॉर्क शहरात वाणसामान आणायला गेली, की बहुतेक वेळा जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावर जातात. डाळी, पिठं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या घेतात, तिथंच कुठंतरी डोसा खातात आणि घरी परततात. त्याच स्टेशनाबाहेर, सात नंबरच्या गाडीच्या पुलाखालून रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूने पूर्वेकडे चालत निघालं तर थोड्याच वेळात कोलंबियाच्या बेकऱ्या लागतात, पुढे एक्वादोर आणि मेक्सिकोची खाणावळवजा दुकानं लागतात. शहराच्या इतर भागांत ट्रिनिडाड, गयाना, जमैका, हैती, डॉमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको अशा सगळ्या ठिकाणचं जेवण रोजच्या रोज शिजतं आहे, आणि तेही तिथून आलेल्या लोकांनी आपल्याच लोकांसाठी शिजवलेलं. आपण मात्र तिकडे सहसा फिरकत नाही. शाकाहारी माणसाला तिथे काय मिळणार ही एक धास्ती असते आणि फळ्यावर लिहिलेलं काहीच कळत नाही ही दुसरी. या दोन्ही अडचणी थोड्या माहितीने सुटतात, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट अशी, की ‘कॅरिबियन जेवण’ नावाचं एकच एक जेवण नसतं. ज्या बेटांवर इंग्रजांचं राज्य होतं तिथे करी, रोटी, पॅटी आणि जळजळीत मिरची आहे. हैतीवर फ्रेंचांचं राज्य होतं. तिथल्या क्रिओल स्वयंपाकात आफ्रिका आणि फ्रान्स एकत्र आले आहेत. क्यूबा, पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिक इथे स्पॅनिश सत्ता होती, आणि तिथलं जेवण लसूण, कांदा, आंबट संत्रं आणि घेवड्याच्या उसळींवर चालतं. ते तिखट नसतं. हे माहीत नसेल तर माणूस डॉमिनिकन हॉटेलात जमैकाचा झणका शोधतो आणि निराश होऊन बाहेर पडतो. म्हणून एका फेरीत एकच वस्ती करावी, आणि त्या वस्तीत जे उत्तम मिळतं तेच खावं. मराठी माणसाने सुरुवात कुठून करावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही: क्वीन्समधल्या रिचमंड हिलची लिबर्टी अ‍ॅव्हेन्यू.

लिबर्टी अ‍ॅव्हेन्यू

न्यू जर्सीहून येणाऱ्यांनी पेन स्टेशनवरून ‘ए’ गाडी पकडावी. पकडताना पाटी मात्र नीट वाचावी, कारण ही गाडी पुढे दोन फाट्यांवर जाते. आपल्याला ओझोन पार्क–लेफर्ट्स बुलेव्हार्डची गाडी हवी, फार रॉकअवेची नको. शेवटच्या स्टेशनावर उतरलं की थेट लिबर्टी अ‍ॅव्हेन्यूवरच पाऊल पडतं. जेएफके विमानतळ इथून गाडीने अगदी जवळ आहे, त्यामुळे कुणाला सोडायला किंवा आणायला जाताना वाट थोडी वाकडी करून इथे जेवता येतं.

हा भाग गयाना आणि ट्रिनिडाडहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचा आहे. ५ मे १८३८ रोजी ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजं भारतातल्या करारबद्ध मजुरांना घेऊन ब्रिटिश गयानाला पोचली. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ ट्रिनिडाडला लागलं. उसाच्या मळ्यांत राबायला माणसं नेण्याची ही पद्धत १९१७ मध्ये थांबली. गेलेले बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधल्या भोजपुरी मुलखातले होते, काही मद्रासकडचे. त्यांची नातवंडं-पतवंडं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कला आली. म्हणजे इथली डाळ, रोटी आणि चटणी आपल्यापासून दीडशेहून अधिक वर्षं वेगळी वाढली आहे. ती आपल्या जेवणाची बिघडलेली नक्कल नाही. ‘यात हिंग नाही का?’, ‘मोहरीची फोडणी का नाही?’ असं काउंटरवर विचारू नये. ‘तुम्ही मूळ भारतातले कुठले?’ हेही पहिल्या वाक्यात विचारू नये. वाढणाऱ्या बाईंचा देश गयाना आहे, त्यांच्या आईचा आणि आजीचाही तोच होता. त्यांच्या पदार्थांबद्दल विचारलं तर मात्र त्या मनापासून सांगतात.

रोटी शॉपमध्ये पहिला गोंधळ ‘रोटी’वरूनच होतो. तिथे ‘गोट रोटी’ मागितली तर रोटी आणि रस्सा वेगवेगळे येत नाहीत. मोठ्या रोटीत मटणाची करी आणि बटाटा भरून, चौकोनी घडी घालून, कागदात गुंडाळलेलं वजनदार पुडकं हातात येतं. नुसती रोटी हवी असेल तर ‘स्किन’ मागावी. तिचे दोन प्रकार ओळखून ठेवावेत. डालपुरीत शिजवून दळलेली पिवळ्या वाटाण्याची डाळ, जिरं आणि हळद भरलेली असते. पुरणपोळीसारखंच भरायचं आणि लाटायचं, फक्त गोड नाही आणि आकार ताटाएवढा. दुसरी ‘बस-अप-शट’. ही पदरांची रोटी तव्यावरच उलथन्यांनी मारून चुरगाळतात. ती पुडकं बांधायला उपयोगाची नाही, हाताने तुकडे घेऊन करीत बुडवून खायची असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने डालपुरी घ्यावी असं मी सांगेन. चांगली डालपुरी मऊ असते, आतली डाळ कोरडी आणि भुरभुरीत असते, आणि नुसती खाल्ली तरी चवदार लागते.

शाकाहारी माणसाला या शहरातली सगळ्यात सुखाची कॅरिबियन जागा हीच. चना-आलू कायम असतं. लाल भोपळा लसूण घालून अगदी गळेपर्यंत शिजवलेला असतो. बैंगन चोका म्हणजे विस्तवावर भाजून, लसूण आणि मिरची घालून कुस्करलेलं वांगं. टोमॅटोचाही चोका असतो. ‘बोडी’ किंवा गयानाच्या बोलीत ‘बोरा’ म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, ‘सैजन’ म्हणजे शेवगा, ‘करैले’ म्हणजे कारली आणि ‘भाजी’ म्हणजे पालेभाजी. नावं ओळखीची वाटतात म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. गयानाचे लोक भोपळ्यात आणि बोराच्या शेंगांत पुष्कळदा कोळंबी घालतात, आणि शिजून लाल झालेल्या भोपळ्यात ती दिसतही नाही. ‘यात कोळंबी आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक भाजीसाठी वेगळा विचारावा. काही दुकानांत शनिवार-रविवारी ‘सेव्हन करी’ मिळते. गयानाच्या हिंदू लग्नात आणि यज्ञात भातासोबत सात शाकाहारी भाज्या पानावर वाढतात, तेच हे जेवण. त्यात भोपळा, बटाटा-चना, वांगं, पालेभाजी, कैरीची करी, आणि ‘कटहर’ नावाच्या, आपल्या फणसाहून वेगळ्या फळाची भाजी अशा गोष्टी असतात. फलकावर हे दोन शब्द दिसले तर दुसरं काही मागवू नका.

ट्रिनिडाडचा ‘डबल्स’ हा पदार्थ उभ्याउभ्या खायचा. हळद घातलेले दोन मऊ, तळलेले ‘बारा’, त्यांवर चण्याची पातळ उसळ, चिंचेची चटणी, काकडी आणि पेपर सॉस. मागताना संख्या आणि तिखट एका दमात सांगायचं असतं: ‘टू, स्लाइट पेपर’. इथे मराठी जिभेला एक सूचना. ‘मी कोल्हापूरचा, मला काय तिखट!’ या अभिमानाने ‘प्लेंटी’ मागू नका. त्या सॉसमध्ये स्कॉच बॉनेटसारखी मिरची असते, आणि ती आपल्या लवंगी मिरचीपेक्षा पुष्कळच जहाल असते. तिला एक फळासारखा गोडसर वास असतो, तो ‘स्लाइट’मध्येच नीट कळतो. लिबर्टी अ‍ॅव्हेन्यूवर ‘सिंग्ज रोटी शॉप’ डबल्ससाठी प्रसिद्ध आहे, आणि गयानाच्या बेकरीच्या वस्तूंसाठी ‘सिबिल्स’. सिबिल्समध्ये पाइन टार्ट, म्हणजे अननसाचा मुरांबा भरलेली तिकोनी खारी, आणि चीज रोल घ्यावा. प्यायला मॉबी मागवून बघा. ती एका झाडाच्या सालीपासून करतात, आधी गोड आणि मग चांगलीच कडू लागते. सगळ्यांना आवडत नाही, मला फार आवडते. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट भागातल्या ‘ए अँड ए बेक अँड डबल्स’ या छोट्या दुकानाला २०१९ मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला. डबल्स हा मुळात सकाळचा खाऊ आहे. तिथे दुपारनंतर गेलात तर संपलेले असण्याची शक्यता मोठी.

मांसाहारी वाचकांसाठी एवढंच, की आपण ज्याला मटण म्हणतो ते इथे ‘गोट’ नावाने मिळतं, हाडांसकट. रोटीच्या पुडक्यातही हाडं असतात, तेव्हा पहिला घास जपून घ्यावा. बरीच दुकानं हलाल आहेत, तशी पाटी दारावर असते. गयानाचं ‘पेपरपॉट’ हे कसावाच्या आटवलेल्या काळ्या रसात शिजवलेलं मांस असतं, बहुधा गोमांस. वर्ज्य असेल तर ते टाळावं.

फ्लॅटबुश: जमैका आणि हैती

ब्रुकलिनमध्ये दोन नंबरच्या गाडीने चर्च अ‍ॅव्हेन्यूला उतरलं की इंग्रजी कॅरिबियन भेटतं. त्याच मार्गावर पुढे ‘न्यूकर्क अ‍ॅव्हेन्यू–लिटल हैती’ असं स्टेशनचं नावच आहे.

जमैकन दुकानात काउंटरवरची बाई भात वाढते, मांस घालते आणि वर पळीभर रस्सा ओतते. हा रस्सा कशाचा, हे महत्त्वाचं. तुम्ही चिकन मागितलं तरी भातावर ऑक्सटेलचा, म्हणजे बैलाच्या शेपटीचा रस्सा घालण्याची पद्धत आहे, कारण तो तिथला सगळ्यात लाडका रस्सा. कुणाला तो वर्ज्य असेल तर भात वाढायच्या आधीच ‘नो ऑक्सटेल ग्रेव्ही’ असं स्पष्ट सांगावं. एकदा पळी फिरली की उपयोग नाही. ‘राइस अँड पीज’मधले पीज म्हणजे वाटाणे नसून राजमा असतो. तो नारळाच्या दुधात, थाइम आणि अख्खी मिरची घालून भाताबरोबर शिजवतात. बहुतेक ठिकाणी हा भात शाकाहारी असतो, पण खारवलेलं मांस घालणारेही आहेत, म्हणून विचारावं. ‘जर्क’ चिकन घेताना ते निखाऱ्यावर भाजलेलं आहे का ते बघा. मसाल्यात ऑलस्पाइस, थाइम आणि स्कॉच बॉनेट असतात, पण खरी चव धुराची. भट्टीत भाजून वर सॉस ओतलेलं जर्क पोट भरतं, आठवणीत राहत नाही.

पॅटी म्हणजे पिवळसर, खुसखुशीत पारीतलं सारण. १९८९ मध्ये ब्राँक्समध्ये सुरू झालेल्या ‘गोल्डन क्रस्ट’ने ती शहरभर नेली. भाजीची पॅटी जवळजवळ सगळीकडे मिळते, पण तिची पारी कशात मळली आहे ते विचारणं भाग आहे, कारण जुन्या पद्धतीत त्यात गाईची चरबी घालतात. शाकाहारी माणसाला याहून निश्चिंत जागा म्हणजे ‘इटल’ अशी पाटी असलेली रास्ताफारी दुकानं. इटल जेवणात मांस नसतं, बहुतेक ठिकाणी दूध-अंडीही नसतात. मसूर, भोपळा, कच्ची केळी, नारळाचं दूध आणि पालेभाजी यांचं ताट मिळतं. मीठ फार कमी किंवा अजिबात नसतं, तशी मनाची तयारी ठेवून जावं.

‘कॅलालू’ या नावाने दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. जमैकाचा कॅलालू म्हणजे माठाच्या जातीची पालेभाजी, कांदा-टोमॅटोत परतलेली. ट्रिनिडाडचा कॅलालू अळूच्या पानांचा, भेंडी आणि नारळाचं दूध घालून घोटलेला. अळूचं फदफदं आवडणाऱ्या कुणालाही तो लगेच आवडेल. फक्त त्यात खेकडा किंवा डुकराची खारवलेली शेपटी घालायची रीत आहे, तेव्हा इथेही तोच प्रश्न.

आता हैती. या जेवणाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि मला ते या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतं. ‘ग्रियो’ म्हणजे आंबट संत्र्यात मुरवून, आधी शिजवून आणि मग तळलेलं डुकराचं मांस. मटण खाणाऱ्यांनी त्याच पद्धतीचा ‘तासो काब्रित’ घ्यावा. सोबत कच्ची केळी दोनदा तळून चपटी केलेली ‘बनान पेझे’ आणि ‘पिकलीझ’ येतं. पिकलीझ म्हणजे कोबी, गाजर आणि स्कॉच बॉनेट व्हिनेगरमध्ये मुरवलेलं. तेलकट तळणाच्या प्रत्येक घासाला त्याचा आंबट-तिखट झटका हवाच. जास्तीचं मागून घ्या, कुणी रागावत नाही. ‘दिरी जोनजोन’ हा काळा भात हैतीत होणाऱ्या एका अळंबीच्या पाण्यात शिजवतात. त्याचा वास दुसऱ्या कशातच सापडत नाही. तो दिसायला शाकाहारी, पण त्यात कोळंबी किंवा चिकनची वडी असू शकते. ‘लेगिम’ या नावालाही भुलू नका. वांगं, कोबी आणि चायोटे घोटून केलेल्या या भाजीत बहुतेक वेळा गोमांस किंवा खेकडा असतो. शाकाहारी माणसाने इथे ‘आक्रा’, म्हणजे मलांगा नावाच्या कंदाची किसून तळलेली भजी, बनान पेझे, पिकलीझ आणि घेवड्याची आमटी ‘सोस प्वा’ असं ताट जमवावं, आणि आमटीत मांस नाही याची खात्री करून घ्यावी.

स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्या

वॉशिंग्टन हाइट्स डॉमिनिकन लोकांचं, ईस्ट हार्लेम आणि लोअर ईस्ट साइड पोर्तो रिकोच्या लोकांचं. जर्सी सिटीतल्या मराठी मंडळींना तर नदी ओलांडायचीही गरज नाही. न्यूपोर्टहून लाइट रेलने बर्गनलाइन अ‍ॅव्हेन्यूला उतरलं की युनियन सिटी लागतं. क्यूबाहून आलेल्या लोकांमुळे त्याला ‘हडसनवरचं हवाना’ म्हणत आले आहेत.

इथे शाकाहाराची अडचण सगळ्यात जास्त, कारण उसळ, भात आणि केळी या निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टींतच मांसाची चव मुरवलेली असते. ‘कार्ने’ म्हणजे फक्त गाय-डुकराचं मांस असं तिथे समजतात. ‘सिन कार्ने’ म्हणालात तर प्रामाणिकपणे चिकन आणून देतील. म्हणून पूर्ण यादी सांगावी: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे, हॅम काही नको. शिवाय ‘काल्दो दे पोयो’, म्हणजे कोंबडीचं पाणी, आणि ‘मान्तेका’, म्हणजे डुकराची चरबी, या दोन शब्दांची चौकशी करावी. पोर्तो रिकोचा ‘मोफोंगो’, म्हणजे तळून लसणाबरोबर खलबत्त्यात कुटलेलं कच्चं केळं, त्यात डुकराच्या कातडीचा कुरकुरीत चुरा घालतात. ‘सिन चिचारोन’ सांगितलं तर काही ठिकाणी तेवढा वगळून देतात. तळणीचं तेल मात्र सगळ्या पदार्थांना एकच असतं. ज्यांना तेवढंही चालत नाही त्यांनी तळलेलं टाळावं.

‘आरोस कोन गांदुलेस’ हा पोर्तो रिकोचा सणाचा भात. त्यातले गांदुलेस म्हणजे आपल्या तुरीचेच दाणे. तूर भारतातून आफ्रिकेत आणि तिथून कॅरिबियनमध्ये गेली. तिथे तिची डाळ करत नाहीत, दाणेच खातात. भातात बहुधा हॅम असतो, तेव्हा मांसाहारी मंडळींनीच घ्यावा, पण घ्यावा जरूर. कसावा उलट दिशेने आला. ज्या कंदाचा साबुदाणा करून आपण एकादशीला खिचडी करतो, तोच कंद क्यूबाचे लोक ‘युका’ म्हणून उकडून, त्यावर लसूण आणि आंबट संत्र्याचा रस घालून खातात. युका, काळ्या घेवड्याची उसळ, पांढरा भात आणि पिकल्या केळ्याचे तळलेले ‘मादुरोस’: उसळीत हॅम नसेल तर क्यूबन हॉटेलातलं हे ताट शाकाहारी माणसाला पुरेसं आणि चविष्ट आहे. वर छोट्या कपात ‘कोर्तादितो’ कॉफी प्यावी.

डॉमिनिकन हॉटेलात न्याहारीला जावं. ‘मांगू’ म्हणजे उकडून घोटलेलं कच्चं केळं, वर व्हिनेगरमधला गुलाबी कांदा. सोबत तळलेलं चीज, अंडं आणि सलामी असते. सलामी नको म्हटलं की अंडं खाणाऱ्यांची न्याहारी झाली. ‘मोरिर सोन्यांदो’ हे संत्र्याचा रस आणि दूध यांचं थंड पेय. ऐकायला विचित्र वाटतं, पण दूध अजिबात फाटलेलं नसतं आणि वैशाखातल्या दुपारसारख्या न्यूयॉर्कच्या जुलैत त्याला तोड नाही. चिकनसाठी ब्रॉडवे आणि १७५व्या रस्त्याजवळचं ‘मालेकोन’ आणि लोअर ईस्ट साइडला १९७०च्या दशकापासून चालू असलेलं ‘कासा आदेला’ ही दोन नावं पुरेत. दोन्हीकडे सळईवर फिरवून भाजलेली कोंबडी मिळते, आणि दोन्हीकडे ती पोटभर खाऊन उरते.

जॅक्सन हाइट्सला वाणसामान घ्यायला जाणाऱ्यांनी कोलंबियन बेकरीत ‘पांदेबोनो’ गरम असताना घ्यावा. कसावाचं पीठ आणि चीज यांचा हा पाव, त्यात मांसाचा प्रश्न येत नाही. अंडं असू शकतं. गोड मक्याची, चीज घातलेली ‘अरेपा दे चोक्लो’ लहान मुलं हमखास खातात.

एखाद्या खास संध्याकाळसाठी

वर सांगितलेल्या बहुतेक जागा काउंटरच्या, कागदी ताटाच्या. लग्नाचा वाढदिवस असेल, मुलाला पहिली नोकरी लागली असेल, तर लिंकन सेंटरच्या डेव्हिड गेफन हॉलमधलं ‘तातियाना’ बघावं. ब्राँक्समध्ये वाढलेले शेफ क्वामे ओनवुआची यांनी ते २०२२ मध्ये सुरू केलं, आणि न्यूयॉर्क टाइम्सने २०२३च्या शंभर उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत त्याला पहिला क्रमांक दिला. त्यांच्या घरात लुइझियानाचा क्रिओल, ट्रिनिडाड, जमैका आणि नायजेरिया असे सगळे धागे आहेत, आणि ते ताटात दिसतात. टेबल मिळणं कठीण, ऑनलाइन आरक्षण उघडण्याची वेळ पाहून तयार राहावं लागतं. खर्चही त्याच मानाने. पण तिथे जाण्याआधी लिबर्टी अ‍ॅव्हेन्यू आणि फ्लॅटबुशला जेवून या. साधी गोट करी आणि साधं ऑक्सटेल कसं असतं हे माहीत असेल तरच या शेफने त्याचं काय केलं आहे ते कळतं.

पैसे, वेळ आणि बाकीचं

लहान दुकानांत कार्ड चालतंच असं नाही. चाललं तरी काही किमान रकमेचं बिल लागतं. जवळ रोख डॉलर ठेवावेत, सुट्टे असले तर उत्तम. बसून जेवलात आणि वेटरने वाढलं तर बिलाच्या अठरा ते वीस टक्के टिप देणं इथली रीत आहे. तिथल्या वेटरच्या कमाईचा मोठा भाग टिपेचा असतो, त्यामुळे त्यात हात आखडता घेऊ नये. सोपा हिशेब म्हणजे बिलावरचा ८.८७५ टक्के कर दुप्पट करायचा आणि थोडी भर घालायची. काउंटरवरून पुडकं घेतलं तर टिप बंधनकारक नाही, बरणीत डॉलर टाकला तर छानच. आरोग्य खात्याची ए, बी, सी श्रेणी दर्शनी काचेवर लावलेली असते. आईवडिलांना घेऊन जाताना मी ती बघते.

ताटं मोठी असतात. एक ‘लार्ज’ दोघांना पुरते. भात, केळी, कंद असं सगळं पिष्टमय असल्याने मधुमेह असलेल्या ज्येष्ठांनी भात अर्धा आणि कोबी किंवा पालेभाजी जास्त असं वाढतानाच सांगावं. शिंपल्यांची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर ती सर्वांत आधी सांगायची गोष्ट. ऑक्सटेल, जर्क, ग्रियो हे दुपारच्या जेवणाच्या वेळी ताजे असतात आणि संध्याकाळपर्यंत संपू शकतात. स्पॅनिश हॉटेलांत वारानुसार पदार्थ ठरलेले असतात, फळ्यावर त्या दिवसाचं जे लिहिलंय तेच मागवावं. छापील मेनूकार्डातलं मागवलं तर थांबावं लागतं आणि चवही बेतास बात असते.

परतताना डालपुरीच्या दहाबारा स्किन बांधून घ्याव्यात. मधे कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवल्या तर टिकतात, तव्यावर किंचित पाणी शिंपडून झाकण ठेवलं की पुन्हा मऊ होतात. काही गोष्टी मात्र वर्षातून एकदाच मिळतात आणि त्यांच्यासाठी दिवस राखून ठेवावा. १ जानेवारीला हैतीचे लोक ‘सूप जूमू’ पितात. गुलामगिरीच्या काळात ज्या लाल भोपळ्याचं सूप त्यांना मालकांसाठी रांधावं लागे पण प्यायची मुभा नव्हती, ते त्यांनी १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र झाल्यावर आपलं केलं, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने ते मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात गोमांस असतं, शाकाहारी हवं असेल तर आधी फोन करून विचारावं. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत डॉमिनिकन दुकानांत ‘आबिच्वेलास कोन दुल्से’ मिळतं. घेवडा, नारळाचं दूध, रताळं आणि दालचिनी यांची ही दाट खीर कुणाही शाकाहारी माणसाने निःशंक खावी. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ब्रुकलिनच्या ईस्टर्न पार्कवेवर वेस्ट इंडियन मिरवणूक निघते आणि रस्त्याच्या कडेने दिवसभर जर्कचा धूर असतो. त्या दिवशी गाडी घरी ठेवून सबवेनेच जावं. डिसेंबरात गयाना आणि ट्रिनिडाडच्या बेकऱ्या रममध्ये मुरवलेल्या फळांचा ब्लॅक केक करतात, आणि पोर्तो रिकोची घरं केळीच्या पानात बांधलेले ‘पास्तेलेस’. दोन्हींची मागणी नाताळाच्या दोन आठवडे आधी नोंदवावी, नाहीतर रिकाम्या हाताने परत यावं लागतं.